हनुवटीकाका आणि नळाखालचे सासरेबुवा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नसतो. मागे घराची पाठभिंत, तिच्यावरून खाली उतरलेला गंजका नळ, नळाखाली कपडे धुवायचा दगड, दगडाच्या कडेला कुंड्यांची वेडीवाकडी रांग. उजेड संध्याकाळचा, वर बसून कुणीतरी हलक्या हाताने दिवा मंद करत आणल्यासारखा. अंगणाच्या मधोमध एक बादली उपडी घातलेली. मग विंगेतून, म्हणजे मोरीच्या दारातून, एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ पाय न वाजवता प्रवेश करतात. एका हातात जुना पेटीसारखा कॅमेरा, दुसऱ्या हातात उशीचा पांढरा अभ्रा. अभ्रा ते नळामागच्या भिंतीला दोन चिमट्यांनी लावतात, बादलीवर बसतात, गुडघे कुरकुरतात तेवढे कुरकुरू देतात आणि अत्यंत अदबीने म्हणतात,

"हनुवटी जरा वर घ्या."

ज्याला म्हणतात, त्याला हनुवटी जवळजवळ नाहीच. तो आहे एक भेक. भेक म्हणजे बेडकाचा तो खडबडीत, फोडाफोडांचा चुलत भाऊ, ज्याला उड्या मारायचा कंटाळा असतो आणि जो चारचौघांत आल्यावरही घरच्यासारखा बसतो. तो दगडाच्या कडेला बसला आहे, आणि त्याचं तोंड असं आहे की समोरच्याने काहीही मागितलं तरी उत्तर 'उद्या या' असंच असणार.

गृहस्थांना सगळं गाव हनुवटीकाका म्हणायचं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओच्या काळ्या पडद्यासमोर बसून 'हनुवटी वर, खांदे खाली, श्वास घ्या, सोडू नका' हे ऐकलं नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. आत आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, खुंटीवर एक कोट आणि एक निळा टाय. गावातल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यात एकदाच टाय बांधला, आणि तो हाच. पुढे कुणाच्या घरी भिंतीवर आजोबांचा फोटो दिसला, तर पाहुणा आधी टाय ओळखायचा, मग आजोबा.

पण काकांची खरी कला पडद्यामागे. फोटो काढून झाला की ते आतल्या खोलीत जायचे, तिरक्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवायचे, खालून दिवा लावायचे आणि भिंग डोळ्याला लावून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन माणसाचे दोष काढायचे. देवीचे व्रण, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, रात्रीची जागरणं, दिवसाची भांडणं, सगळं त्या पेन्सिलीखाली विरून जायचं. या कामाला रिटचिंग म्हणतात, पण काकांच्या हातात ते माफी दिल्यासारखं असायचं. एकदा नाटक कंपनीचा खलनायक जाहिरातीसाठी फोटो काढायला आला. काकांनी त्याच्या चेहऱ्यावरची इतकी पापं धुतली, की गावात भित्तिपत्रक लागल्यावर लोक म्हणाले, बिचाऱ्या नायकालाच कशाला शिक्षा होते या नाटकात, आणि या गोड माणसाला कोण छळतंय. खलनायक मात्र खूश. तो फोटो त्याने आईला पाठवला.

काकूही याच पेन्सिलीच्या करणीने घरात आल्या. त्या तेव्हा नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आल्या होत्या. फोटो हातात पडला आणि त्या काउंटरवर परत आल्या.

"ही मी नाही."

"तुम्हीच आहात," काका म्हणाले. "जरा स्वच्छ केलंय."

"माझ्या गालावर तीळ आहे. तो कुठाय?"

"काढला."

"कुणाला विचारून? तो आणून द्या."

काकांनी बारीक कुंचल्याने प्रिंटवर तीळ काढून दिला. पण समोर बसलेल्या माणसाचा डावा तो आपला उजवा, या गोंधळात तो दुसऱ्या गालावर गेला. काकू तिसऱ्यांदा आल्या. तोपर्यंत काकांना तो तीळ, त्याचा गाल आणि ते रागावणं, तिन्ही इतकं पाठ झालं होतं, की पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या तिळाशेजारीच काढलं.

असो. पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये कॅमेरे. लोक स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागले, हनुवटी वाटेल तिथे ठेवून. स्टुडिओच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. काकांनी कंगवा, टाय, तिरकं मेज, भिंग आणि उरलेले फिल्मचे रोल घरी आणले आणि मोरीच्या खिडकीला काळा कागद लावून तिथेच आपली अंधारखोली थाटली. पण समोर बसायला माणूस नाही. काकूंना बसवावं तर त्या म्हणायच्या, "मला भाजी चिरायची आहे." पाहुण्यांना बसवावं तर ते हातात फोन घेऊन म्हणायचे, "काका, या, सगळे मिळून काढू." काकांना सगळे मिळून फोटो माहीत नव्हता. त्यांना एक माणूस, एक खुर्ची आणि शांतता लागायची.

आणि मग एका संध्याकाळी नळाखाली हा भेक बसलेला दिसला. काका थबकले. तो हलेना. दुसऱ्या बाजूने बघितलं, तरी हलेना. उभ्या हयातीत असं गिऱ्हाईक काकांनी पाहिलं नव्हतं. ना केस नीट करायची घाई, ना 'लवकर आटपा', ना 'डावी बाजू चांगली येते माझी'. काका आत जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि त्या दिवसापासून त्यांचा स्टुडिओ पुन्हा सुरू झाला.

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की एक नाही, तीन आहेत. रोज आपापल्या जागेवरून निघून आपापल्या जागेवर बसणारे. मोरीच्या सांडपाण्याच्या नळीपाशी बसून आत काय जातं, बाहेर काय येतं यावर नजर ठेवणारा तो मुनीम. फुटक्या कुंडीखाली राहणारी, चणीने लहान पण मुंग्यांच्या रांगेला शिस्त लावणारी ती हेडबाई. आणि नळाखालचा तो पहिला, सगळ्यांत थोर, कुणी जवळ गेलं की पळायच्या ऐवजी अंग फुगवून दुप्पट होणारा. त्याचं नाव काकांनी ठेवलं सासरेबुवा.

हे काकूंना कळलं तेव्हा त्यांनी हातातली पळी खाली ठेवली.

"माझ्या वडिलांचं नाव तुम्ही बेडकाला दिलंत?"

"भेक."

"माझे वडील असे बसायचे?"

"बसायचे नाहीत," काका म्हणाले. "बघायचे असे. मी तुला मागायला आलो होतो तेव्हा."

काकू त्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत. पण खरा प्रसंग घडला तो नंतर. काकू अनवाणी, संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि त्यांचा पाय पडला तो थंड, मऊ आणि फुगणाऱ्या वस्तूवर. काकू किंचाळल्या. सासरेबुवा किंचाळले नाहीत, पण त्यांनी जाता जाता काकूंच्या पायावर जे सोडलं ते काही कमी नव्हतं. काकूंनी पाय तीनदा साबणाने धुतला आणि आतून जाहीर केलं,

"सोमवारी गवंडी येईल. सगळं अंगण फरशी करून घेणार. ती नळी बुजवणार, कुंड्या गच्चीवर, आणि नळाखाली सिमेंट. एक भोक ठेवणार नाही."

"अगं, ते जातील कुठे?"

"जगात जागा कमी आहे का? बेडकांना काय, हे अंगण नाही तर ते अंगण. सगळे मेले एकसारखे. त्यांनाही फरक पडत नाही नि तुम्हालाही पडायचा नाही. एक गेला तर दुसरा येईल."

हे काकांना लागलं. "एकसारखे? मला तिघं तोंडपाठ आहेत. अंधारात ओळखीन."

"ओळखाल?"

"फोटो दाखव, नाव सांगतो."

काकूंनी पदर खोचला. "ठरलं तर. रविवारी मला तिघांचे फोटो द्या. मागे काही लिहायचं नाही. मी एकेक उचलीन, तुम्ही नाव सांगायचं. तिन्ही बरोबर आली तर गवंडी परत जाईल. एक जरी चुकलं तरी फरशी."

काका मनातल्या मनात हसले. फोटो ओळखायची पैज, आणि तीही त्यांच्याशी. आता फरशी हरली, असं धरूनच ते कामाला लागले.

आणि काम त्यांनी कसं केलं म्हणता? जसं आयुष्यभर केलं तसं. पांढरा अभ्रा मागे, गिऱ्हाईक समोर, दोन्ही डोळे दिसलेच पाहिजेत. अर्जाच्या फोटोला डोकं चौकटीत ठरावीक उंचीचं लागतं, म्हणून लहानखुरी हेडबाई मोठी करून छापली आणि सासरेबुवा लहान करून, म्हणजे तिघांची डोकी एका रेषेत. निगेटिव्ह तिरक्या मेजावर ठेवल्या, खालून दिवा लावला, जुन्या गाण्याची धून गुणगुणत पेन्सिलीला टोक काढलं. आणि हात चालू लागला. हात विचारून चालत नाही. न्हाव्याचा हात मानेवर जातो तसा तो डागांवर जातो. काकांचं मन होतं पैज जिंकल्यावर काकूंना काय बोलायचं यात, आणि पेन्सिल होती तिच्या जागी.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी चष्मा लावला, फोटो टेबलावर पालथे घातले आणि पत्ते पिसावेत तसे पिसले. काका खुर्चीत सरळ बसले. काकूंनी पहिला उचलला.

"बोला."

काकांनी बघितलं. समोर होतं एक गुळगुळीत, गोरंगोमटं, समंजस तोंड. एक फोड नाही, एक सुरकुती नाही, डोळ्यांत छानसा प्रकाशाचा ठिपका. सोललेला उकडलेला बटाटा दोन डोळे लावून नोकरीचा अर्ज करायला निघाला असावा, तसं.

"हा..." काका म्हणाले. "जरा दुसरा दाखव."

काकूंनी दुसरा दाखवला. तोही बटाटा. तिसरा दाखवला. त्या बटाट्याचं सगळं आयुष्य अगदी समाधानात गेलं होतं.

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी भिंग मागितलं. भिंगातून बटाटे मोठे दिसले, एवढंच.

"हा मुनीम," ते शेवटी म्हणाले.

"नक्की?"

"किंवा हेडबाई."

काकूंनी तिन्ही फोटो हातात घेऊन नीट पाहिले, आणि त्यांच्या खांद्यांत जी थरथर सुरू झाली ती काकांना आधी रडण्याची वाटली. ती हसण्याची होती. काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, यांच्या अंगावरचे फोड कुठे गेले?"

"काढले," काका खालच्या मानेने म्हणाले.

"बेडकाचे फोड काढलेत? मग राहिलं काय मागे?"

"सवय गं. तेवढ्यावरूनच तर ओळखायचो मी त्यांना. मुनीमजींच्या उजव्या डोळ्यामागे तीन फोड आहेत, चुलीच्या दगडांसारखे. हेडबाईंना नाकावर एक. सासरेबुवांचं तर काय..."

"हं. माझ्या तिळाचं केलंत तेच यांचं केलंत."

काका उठले आणि मोरीच्या दारात जाऊन अंगणाकडे बघत उभे राहिले. अंगणात दुपारचं कुणी नव्हतं. सगळे आपापल्या भोकात झोपले असणार, उद्या तिथे सिमेंट येणार याची गंधवार्ताही नसलेले. रंगमंच रिकामा आणि शेवटचा खेळ जाहीर झालेला असला की जुना नट जसा उगाच विंगेत उभा राहतो, तसे ते उभे होते. काकूंना ते पाठमोरे दिसले. पाठमोऱ्या माणसाला रिटच करता येत नाही.

"एक रोल राहिलाय ना?" त्यांनी विचारलं.

"एकच. शेवटचा."

"मग आज संध्याकाळी पुन्हा काढा. पण त्या पेन्सिली इकडे द्या."

काकांनी पेन्सिली दिल्या. काकूंनी त्या पिठाच्या डब्यात खुपसल्या, झाकण लावलं आणि डब्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं.

"आणि बॅटरी मी धरणार. तुमच्यावर विश्वास नाही. तुम्ही त्यांना आधी धुवून आणाल."

दिवेलागणीला प्रयोग सुरू झाला. काका बादलीवर, काकू स्टुलावर, दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर उचलून, म्हणजे खाली कुणी नातेवाईक भेटायला नको. मुनीम वेळेवर आला, नळीच्या तोंडाशी बसला, इकडची मुंगी तिकडे गेल्याची नोंद घेतल्यासारखा. काकांनी हनुवटी वर घ्यायला सांगितली, त्याने ती घेतली नाही, फोटो निघाला. हेडबाई कुंडीखालून अर्धीच बाहेर आली. अभ्रा तिच्यामागे कसा लावायचा म्हणून काका पोटावर आडवे झाले आणि त्यांना उठवायला काकूंना बनियनला धरून ओढावं लागलं.

सासरेबुवा मात्र येईनात. मोठा नट पहिल्या घंटेला कधी येतो? उजेड उतरत चालला. काकूंच्या हातातली बॅटरी दुखऱ्या मनगटामुळे हलत होती. आणि मग दगडामागून ते आले. आधी एक हात, मग बराच वेळ काही नाही, मग बाकीचे सगळे. बॅटरीच्या उजेडाच्या बरोबर मधोमध येऊन बसले आणि काकूंकडे बघू लागले.

"रागावलेत का हो हे?" काकू पुटपुटल्या.

"पाय दिलास तू त्यांच्यावर."

"मुद्दाम दिला का?"

काकांनी नेम धरला. तेवढ्यात उजेडाला भुललेला एक पतंग सासरेबुवांच्या नाकापुढे उतरला. जीभ केव्हा गेली नि केव्हा आली कळलं नाही, पण गिळताना भेक डोळे मिटतो, चांगले आत ओढून घेतो, आणि नेमका तेव्हाच खटका वाजला. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. फिल्म पुढे सरकवली. दुसरा पतंग. पुन्हा गिळलं, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा खटका. तिसऱ्यालाही तेच. सगळ्या हयातीत गावातली माणसं हेच करत आली होती, पण ती निदान पतंग खात नव्हती.

"आता रोलमध्ये थोडेच फोटो उरले," काका म्हणाले.

काकू स्टुलावरून पुढे वाकल्या. बॅटरी सरळ धरली आणि लेकीने वडिलांना औषध घेताना सांगावं त्या सुरात म्हणाल्या,

"डोळे उघडा, बाबा. एकच फोटो."

सासरेबुवांनी डोळे उघडले. खटका वाजला. काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि बायकोकडे बघितलं. काकू दुसरीकडे बघत होत्या.

"डास फार आहेत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सकाळी गवंडी आला तेव्हा फोटो स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमट्यांनी लटकत होते. कुदळ खांद्यावर घेऊन तो थेट अंगणात जाणार, तर काकूंनी त्याला दारातच थांबवलं.

"जरा दम धर. आमचं एक काम आहे."

त्यांनी एक फोटो उचलला. फोटोत फोड होते, डाग होते, फोडांवर डाग होते. काका क्षणभरही थांबले नाहीत.

"मुनीम. हे बघ, डोळ्यामागे तीन."

दुसरा उचलला. "हेडबाई. नाकावर बघ."

तिसरा फोटो काकूंनी उचलला, आणि काकांना दाखवायच्या आधी स्वतःच पाहिला. रुंद, खडबडीत, कुणाचंही काही न पटलेलं तोंड. सबंध अंगावर खाचखळगे, आणि डाव्या गालावर, अगदी वेगळा, एकटा, काळा ठिपका. काकूंचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. काका तोंड उघडणार, त्याआधीच त्या म्हणाल्या,

"हे बाबा."

"पैज माझी होती," काका म्हणाले.

गवंडी दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "बाबा कुठायत, काकू?"

"ते काय, नळाखाली."

गवंड्याने खांद्यावरची कुदळ हळूच उतरवून भिंतीला टेकवली आणि डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"आधी सांगायचं ना. मला वाटलं नुसती फरशी आहे. अशा जागेवर मी कुदळ मारत नाही."

काकू त्याची समजूत घालायला निघाल्या, पण काकांनी त्यांचा कोपर दाबला. मग दोघंही इतकी हसली की गवंड्याला हे घर सोडून जावं असं वाटायला लागलं. शेवटी काकूंनी त्याला दोरीपाशी नेऊन नवे फोटो दाखवले, टेबलावरचे जुने बटाटे दाखवले आणि सगळं सांगितलं. फरशी दारापासून दगडापर्यंत घालायची ठरली, काकूंच्या पायापुरती. दगडापलीकडे नळ, नळी आणि फुटकी कुंडी होती तशी राहणार.

गवंड्याचं मात्र या वाटाघाटीत लक्ष नव्हतं. तो एका हातात मुनीमाचा खरा फोटो आणि दुसऱ्या हातात एक बटाटा धरून बघत होता. त्याच्या स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर एक चांगला ठसठशीत मस होता, नाकाच्याही आधी दारात पोचणारा.

"काका," तो म्हणाला, "हे तुम्ही हाताने केलं?"

"पेन्सिलीने."

"माणसाचं पण होतं?"

काकांची पाठ सरळ झाली. "धुताना रोलचा कोरा तुकडा अंधारात कापून ठेवलाय, एक फोटो निघेल," ते म्हणाले. मग आत गेले आणि खुंटीवरून निळा टाय घेऊन आले. कोट कुठे सापडेना. अंगणात बादली उपडी होतीच. गवंडी तिच्यावर बसला, चुन्याचे हात गुडघ्यांवर, मळक्या सदऱ्यावर टाय. काकांनी अभ्रा त्याच्यामागे लावला. काकूंनी काही न विचारता पातेलं उतरवलं, पिठाच्या डब्यातून पेन्सिली काढल्या आणि पदराने पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हनुवटी वर," काका म्हणाले. "खांदे खाली. श्वास घे, सोडू नकोस."

गवंड्याने श्वास रोखला, मग तो तसाच रोखून, ओठांच्या कोपऱ्यातून त्याने विचारलं, "काका, नाकावरचं हे तेवढं काढाल ना? का राहू देणार?"

काकांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली, आधी काकूंच्या गालाकडे पाहिलं, मग नळाखालच्या अंधाराकडे, मग गवंड्याच्या नाकाकडे.

"काढतो की," ते म्हणाले. "तू काय भेक आहेस?"